चौथी पायरी सोडून

मी एक जुनी शिडी आहे. जुनी म्हणजे किती, ते विचारू नका. पायऱ्या मात्र मोजल्यात तरी चालेल, त्या अकरा आहेत. एका लहानशा शेतावर, गोठ्याच्या भिंतीला टेकून मी राहते. माझ्या एका बाजूला फावडी आणि टोपल्या असतात, दुसऱ्या बाजूला एक म्हातारी म्हैस. म्हशीशी माझं फारसं बोलणं नाही. तिला अंग खाजवायला माझा डावा खांब लागतो, तेवढाच आमचा संबंध.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, शिडीला कसलं आलंय आयुष्य? उभी केली की उभी, आडवी केली की आडवी. असं म्हणणाऱ्यांना मी एकच सांगते: माझ्या मदतीशिवाय या घरातलं एकही माणूस स्वतःच्या उंचीपेक्षा वर गेलेलं नाही. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे. पण म्हातारपणी तेवढी चालायची!

माझा जन्म एका वादळातून झाला. शेताच्या बांधावर एक निलगिरीचं झाड होतं, सरळ, उंच. ते एका रात्रीत आडवं झालं. या शेताचे मालक आप्पा तेव्हा ऐन तरुण होते, नुकतंच लग्न झालेले. झाड जळणात घालायचं का, असा विचार चालला होता. त्यांची बायको, म्हणजे आमच्या माई, म्हणाल्या, "एवढं सरळ लाकूड चुलीत घालायचं? मी काय रोज उडी मारून फळं काढू?" झालं! दुसऱ्या दिवशी सुतारकाका आले. त्यांनी दोन खांब तासले, भोकं पाडली, त्यात पायऱ्या ठोकून बसवल्या आणि वर लाकडी पाचरी मारल्या. लोखंडी खिळा एकही नाही. तीन दिवस लागले. जाताना ते आप्पांना म्हणाले, "वर्षातून एकदा हिच्या सगळ्या पायऱ्या हाताने चाचपून बघत जा." आप्पा म्हणाले, "हो हो." हा 'हो हो' कसला आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सुरुवातीची वर्षं मला कौतुकाची गेली. थंडीत संत्री उतरवायची, ती माझ्यावरून. उन्हाळा आला की गोठ्याचे पत्रे ठोकायला मी, आणि अंजिरं पिकली की अंजिराखाली मी. पावसाळ्याआधी पन्हळीतला पालापाचोळा काढायला पुन्हा मीच. सुगी संपली की वैरणीचे भारे माळ्यावर चढवायचे, तेव्हा तर मला दिवसभर श्वास घ्यायला फुरसत नसे. त्यातून उसंत मिळाली तर माई मला दोन पिंपांवर आडवी टाकून माझ्यावर कांदे वाळत घालत. एकदा पाय मोडलेल्या वासराला माझ्यावर झोपवून चौघांनी घरापर्यंत आणलं होतं. आणि एकदा आप्पा अंजिराच्या झाडावर चढले तेव्हा तिथे मधमाश्यांचं मोहोळ निघालं. वर जाताना त्यांनी अकराच्या अकरा पायऱ्या वापरल्या. खाली येताना एकही वापरली नाही. ते असे आले की मला कळलंसुद्धा नाही. आठ दिवस त्यांचं तोंड भोपळ्याएवढं होतं आणि माई त्यांच्यासमोर हसू दाबत वावरत होत्या.

त्यांना एक मुलगा झाला. तो लहान असताना मला जमिनीवर आडवी टाकून माझ्या प्रत्येक खणात एकेक दगड ठेवायचा आणि म्हणायचा, "ही आमची शाळा. तू बोलू नकोस, तू उभा राहा." दगडांना तो फार ओरडायचा. मला मात्र त्याचा कधी राग आला नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती सांगायला मला जड जातं, पण सांगायलाच हवी.

दहाबारा वर्षांपूर्वी आप्पा पाठीवर वैरणीचा भारा घेऊन चढत होते. भारा ओला होता, म्हणजे दुप्पट जड. चौथ्या पायरीवर त्यांनी पाय दिला आणि माझ्या आत कड्कन आवाज झाला. पायरी तुटली नाही, पण आतून पिचली. आप्पा भारा टाकून खाली उतरले, पायरी निरखली, सुतळीने दोन्ही टोकं गच्च आवळली आणि वरून उरलासुरला हिरवा रंग फासला. बघणाऱ्याला वाटावं, काय धडधाकट पायरी आहे! माईंनी विचारलं, "नवी बसवायची ना?" आप्पा म्हणाले, "उद्या करतो. तोवर चौथी सोडून चढा."

तो उद्या काही उजाडला नाही. सुतारकाका तोवर देवाघरी गेले होते, आणि आप्पांच्या मागे कामं का थोडी होती? दिवस गेले, वर्षं गेली. घरातली तिघंही तिसरीवरून थेट पाचवीवर टांग टाकायला शिकली. आप्पा टांग टाकताना "हं" म्हणायचे. मुलगा विचारसुद्धा करायचा नाही, त्याचा पाय आपोआप जायचा. माई मात्र तिसरीवर थांबून दरवेळी मोठ्याने म्हणायच्या, "उद्या!" आणि खालून आप्पा म्हणायचे, "ऐकू आलं."

आणि मित्रांनो, खरं सांगू? मला ते आवडायला लागलं होतं. माझं व्यंग घरच्यांना माहीत आहे, ते मला सांभाळून घेतात, असं वाटायचं. लाडक्या माणसाच्या खोडी जशा घरचे चालवून घेतात ना, तसं. मला कुठे कळत होतं, की त्या लाडानेच एक दिवस घात होणार आहे!

मधे एक ॲल्युमिनियमची शिडी आली. चकचकीत, हलकी, एका हाताने उचलता येणारी. नव्याचे नऊ दिवस. मला गोठ्यामागे टाकलं आणि वर्षभर माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. बसायच्या म्हणजे नुसत्या बसायच्या नाहीत, समजून घ्या. पण पाणी दिलेल्या मऊ मातीत त्या नवीचे पाय खचायचे आणि ती एका अंगाला कलायची. शेवटी घराच्या कामाला ती आणि झाडांच्या कामाला मी, अशी वाटणी झाली. मी परत आले. चौथी पायरी होती तशीच होती.

मग घरात सूनबाई आली.

ती शहरात वाढलेली, पाचव्या मजल्यावर, लिफ्टने ये-जा करणारी. एका कचेरीत नोकरी करत होती. मुलाशी तिचं जमलं, लग्न झालं आणि ती हौसेने शेतावर राहायला आली. हौसेने, हे महत्त्वाचं. पहाटे उठायची, नवऱ्याच्या मापाचे मोठे बूट घालून चिखलात उतरायची, सगळ्यांना सगळं विचारायची. म्हशीने पहिल्याच दिवशी तिच्या ओढणीचं टोक चावून खाल्लं, तरी ती हसली.

पण त्या घरात नव्या माणसाचे हालच होते. मागचं दार आधी उचलायचं आणि मग ढकलायचं, हे घरच्यांना माहीत. तिने नुसतं ढकललं, तर ते तिच्या पायावर उतरलं. मोरीतला नळ उलटा फिरवला की उघडतो. तिने सुलटा फिरवून फिरवून मूठच हातात घेतली. विहिरीच्या पंपाचं बटण कोरड्या काठीने दाबायचं, काळ्या कोंबडीच्या खालचं अंडं डावीकडून काढायचं, धान्याच्या कोठीचं झाकण उघडताना डोकं मागे घ्यायचं. प्रत्येक वेळी तिला काहीतरी लागायचं, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी कपाळावर हात मारून म्हणायचं, "अरे हो, तुला सांगायचंच राहिलं!"

एकदा ती माझ्याजवळ कांदे निवडत बसली होती. कपाळाला टेंगूळ आलेलं. नवऱ्याला म्हणाली, "या घरातली एकेक वस्तू माझी परीक्षा घेते. आणि अभ्यासक्रम काही कोणी देत नाही."

तो हसत म्हणाला, "अगं, होईल सवय."

"सवय तुम्हाला आहे. मला टेंगूळ आहे," ती म्हणाली.

मी ते ऐकलं आणि माझी चौथी पायरी थंडगार पडली. अजून ती माझ्यावर चढली नव्हती.

ती वेळ अंजिरं पिकल्यावर आली. मुलगा फळांच्या पेट्या घेऊन बाजारात गेला होता. माई कोंबड्यांच्या खुराड्यात होत्या. आप्पांनी मला अंजिराला टेकवलं, टोपली हातात घेतली आणि चढणार तेवढ्यात सूनबाई आली. म्हणाली, "आप्पा, आज मी चढू?"

आप्पांचा चेहरा असा खुलला! म्हणाले, "चढ की, बिनधास्त चढ! शिडी घरचीच आहे आपली."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी सारं शिवार दणाणून सोडलं असतं. तिने पहिल्या पायरीवर पाय दिला. दुसऱ्या पायरीवर मी होता नव्हता तेवढा जोर लावून करकरले. ती थांबली. "आप्पा, आवाज येतोय."

"म्हातारी झालीय ती. कुरकुरणारच," आप्पा लाडाने म्हणाले. ते मला धरून उभे होते. चौथ्या पायरीच्या बरोबर समोर त्यांचे डोळे होते. पण दहाबारा वर्षं जी गोष्ट सोडून चालायची सवय लागली, ती त्यांच्या डोळ्यांना दिसतच नव्हती. ते वर बघत होते, कुठलं अंजीर पिकलंय ते.

तिसरी. मग चौथी.

पायरी मधोमध मोडली. सूनबाई उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं, ते मला ऐकू आलं. लाकूड मोडण्याचा आवाज मी चांगला ओळखते, तो आणि हा फार वेगळा नव्हता.

माई अंडी टाकून धावत आल्या. आप्पांच्या हातात टोपली तशीच होती. माईंनी मोडकी पायरी पाहिली, आप्पांकडे पाहिलं, आणि आपला पदर फाडून सूनबाईचा हात तिच्या गळ्यात बांधला. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याने सूनबाईला दवाखान्यात नेलं. संध्याकाळी ती हाताला प्लॅस्टर घालून आली. मुलगाही तोवर परतला होता. तिघं तिच्याभोवती अंगणात उभी राहिली. आप्पा म्हणाले, "पोरी, चुकलं माझं. ती पायरी आम्ही सोडून चढतो. ते आमच्या इतकं अंगवळणी पडलंय की..."

ती रडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, "आप्पा, हात बरा होईल हो. पण तुम्हा तिघांनाही माहीत होतं."

एवढंच. दुसऱ्या दिवशी ती माहेरी गेली. किती दिवसांसाठी, ते तिने सांगितलं नाही आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.

त्या दिवसांत एकदा माई मला जळणात घालायला निघाल्या, कुऱ्हाड घेऊनच आल्या. आप्पा आडवे आले. "तिचा काय दोष? ती दहाबारा वर्षं दाखवत होती. मीच बघितलं नाही."

"आता सुचतंय!" माई कडाडल्या. "बैल गेला आणि झोपा केला! पोरगी नाही परत आली तर काय तोंड दाखवाल? आणि मी तरी काय शहाणी! रोज 'उद्या' म्हणून तुम्हाला टोचत बसले. त्यापेक्षा एक दिवस स्वतः करवत घेतली असती तर?" आणि कुऱ्हाड टाकून त्या माझ्याच पायाशी बसून रडल्या. मलाही रडू आलं. त्या अख्ख्या घरात एकट्या आप्पांचाच गुन्हा नव्हता. मीही त्या गुपितावर वर्षानुवर्षं स्वतःला गोंजारून घेतलं होतं.

मुलगा रोज फोन करायचा. पाण्याच्या टाकीवर चढून, कारण तिथेच रेंज येते. काय बोलायचा ते ऐकू यायचं नाही, उतरताना चेहरा दिसायचा. आठ दिवस झाले, दहा झाले. अकराव्या दिवशी फाटक वाजलं.

सूनबाई आली होती. गळ्यात अडकवलेला हात, आणि डाव्या काखेत पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा. फळांच्या खोक्यांचे पुठ्ठे, हातभर लांबीचे कापलेले. माई पुढे धावल्या, तर ती म्हणाली, "माई, आधी काम. तिघंही बसा इथे. आणि आता मला सांगा, या घरात अजून काय काय सोडून चालायचं आहे?"

तिघं अंगणात शाळेतल्या मुलांसारखी बसली. आधी कोणाला काही आठवेना. मग मुलगा म्हणाला, "मागचं दार." माई म्हणाल्या, "नळ. आणि कोठीचं झाकण." आणि मग जी रांग लागली! पंपाचं बटण, गोठ्यातली उखडलेली फरशी, विळ्याची सैल मूठ, माळ्याची हलणारी फळी. सांगता सांगता त्यांचीच तोंडं उतरत गेली. आपण एवढं सगळं चुकवत चुकवत जगतोय, हे त्यांनाच माहीत नव्हतं! सूनबाई डाव्या हाताने वाकड्यातिकड्या अक्षरांत एकेक पुठ्ठा लिहीत होती. एकूण तेवीस झाले.

माई डोळे पुसत म्हणाल्या, "अजून एक लिही आणि यांच्या गळ्यात अडकव. 'हे उद्या म्हणाले तर विश्वास ठेवू नये.'"

सूनबाई पहिल्यांदा हसली. आप्पासुद्धा हसले, पण खाली बघून.

दुसऱ्या दिवसापासून शेतभर पुठ्ठे लटकले. 'हे दार आधी उचला.' 'इथे डोकं सांभाळा.' 'ही कोंबडी चोच मारते.' पशुवैद्य आले, त्यांनी सगळे वाचले आणि म्हणाले, "प्रदर्शन भरवलंय की काय?" माझ्या कपाळावर, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, लिहिलं होतं: 'चौथी पायरी नाही.' मला लाज वाटली, आणि हायसंही वाटलं. इतक्या वर्षांनी खरं काय ते माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आप्पा रोज सकाळी एका पुठ्ठ्यासमोर जाऊन उभे राहायचे. वाचायचे, डोकं खाजवायचे, आणि हत्यारांची पेटी उघडायचे. दाराची बिजागरी बदलली, तो पुठ्ठा माईंच्या चुलीत गेला. नळ बसला, फरशी बसली. कधी मुलगा मदतीला, कधी माई कंदील धरायला. कोंबडीचं मात्र काही करता आलं नाही, तिचा पुठ्ठा अजून आहे. असे दोन महिने गेले. सूनबाईचं प्लॅस्टर निघालं. संत्री पिवळी पडू लागली. एकवीस पुठ्ठे जळले, आणि माझ्यापर्यंत मात्र आप्पा येईनात. गोठ्यात येत, माझ्याकडे बघत आणि परत जात. हातून घडलेल्या चुकीला हात लावणं सोपं नसतं, मित्रांनो.

शेवटी एका सकाळी ते खाली बसले. आप्पा शेतकरी, सुतार नव्हेत. त्यांनी तासलेली पहिली पायरी दोन बोटं आखूड झाली. दुसरी भोकात घालताना फाटली. माई म्हणाल्या, "सुतार बोलावू का?" आप्पा म्हणाले, "नको. ही मीच करणार." तिसरी बसली. मग त्यांनी मला आडवी टाकून उरलेल्या दहाही पायऱ्या हाताने चाचपल्या, एकेक करून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला गुदगुल्या झाल्या आणि मी मुकाट राहिले. मग मला संत्र्याला टेकवून नव्या पायरीवर ते स्वतः उभे राहिले, दोन उड्या मारल्या आणि सूनबाईला हाक मारली.

ती आली. मुलगा आणि माईही आल्या, न बोलावता. सूनबाई पहिल्या पायरीवर चढली, दुसऱ्या, तिसऱ्या. तिथे थांबली. तिचा तळवा घामाने भिजलेला मला जाणवत होता. उजवं मनगट तिने छातीशी धरलं होतं. तिने खाली पाहिलं. "आप्पा, नक्की?"

मला वाटलं, आता आप्पा म्हणतील, बिनधास्त चढ. पण ते तसं म्हणाले नाहीत. "माझ्या बाजूने माझं सगळं बघून झालंय," ते म्हणाले. "पण एकदा मी तुला चढ म्हणालो होतो आणि तू पडलीस. तेव्हा आता मी चढ म्हणणार नाही. तुझं मन होईल तेव्हा चढ. आज नाही झालं तरी चालेल."

म्हशीनेसुद्धा रवंथ थांबवलं होतं. कितीतरी वेळ गेला असं मला वाटलं, खरं तर दोन श्वासांचाच असेल. मग सूनबाईने चौथ्या पायरीवर पाय ठेवला. आधी बोटं, मग टाच, मग सगळा भार. पायरी गप्प राहिली. मी तर अशी ताठ उभी होते की पुन्हा निलगिरी झाले की काय असं वाटावं.

"माई, टोपली द्या," वरून आवाज आला.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी पिचलेली पायरी असेल. हलणारी खुर्ची असेल, सैल मूठ असेल, नाहीतर एखादं नाजूक गुपित असेल जे सगळे जपून ओलांडतात. तुम्हाला ते माहीत असतं, म्हणून तुम्हाला काही होत नाही. पण उद्या घरात नवीन कोणी येईल, वर्गात नवी मुलगी येईल, तिला ते कोण सांगणार? तिला पहिल्याच दिवशी सांगा. आणि सांगून झालं की हातोडी घ्या. आम्हा वस्तूंना लाड नकोत, एक पाचर मारा, पुरे आहे.

संत्र्याचा हा दुसरा हंगाम. आप्पा, माई आणि मुलगा अजूनही तिसरीवरून पाचवीवरच जातात. पायांना कळत नाही, काय करणार! सूनबाई मात्र दरवेळी चौथीवर दोन्ही पाय टेकवून क्षणभर उभी राहते. ती तिथे असेपर्यंत आप्पा खाली मला दोन्ही हातांनी धरून असतात. ते फळांकडे बघत नाहीत. ती पुढच्या पायरीवर गेली, की मगच त्यांच्या हातांची पकड सैल होते.